जॉन ग्रँटच्या गाण्यांतला ‘तू’

मंद्रसप्तक:

नमस्कार. गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने परदेशातून मला एका गाण्याचा दुवा पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, ‘मामा, हे दिवसा ऐकू नकोस, रात्री निजानीज झाल्यावर ऐक.’ गायकाचे नाव जॉन ग्रँट. मी भावगीते आणि नाट्यपदे ऐकत वाढलेला माणूस आहे. इंग्रजी गाण्यांशी माझा संबंध कॉलेजच्या दिवसांपुरता होता, त्यामुळे हे नावही मी पूर्वी ऐकलेले नव्हते. तिने सांगितले तसे सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातला दिवा तेवढा ठेवून ऐकले. खर्जातून सावकाश वर येणारा भरदार आवाज, पियानो, मागे कुठेतरी बासरी, आणि चाल इतकी गोड की शब्दांकडे लक्ष जायला तिसऱ्यांदा ऐकावे लागले. शब्द कळले तेव्हा मात्र मी खुर्चीत सरळ होऊन बसलो, कारण त्या गोड चालीवर हा माणूस आपली लाज, आपला संताप आणि झिडकारले गेल्याची वेदना एकेक करून समोर ठेवत होता आणि ठेवताना आवाज जराही चढवत नव्हता.

तेव्हापासून २०१० साली आलेला त्याचा ‘क्वीन ऑफ डेन्मार्क’ हा पहिला एकल अल्बम मी किती वेळा ऐकला असेन याची गणती नाही. नंतरचा २०१३ चा ‘पेल ग्रीन घोस्ट्स’ही घेतला, पण त्यातल्या यंत्रांच्या आवाजाशी माझे अजून पुरते जमलेले नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अशी की, ही गाणी ऐकून झाल्यावर उदास वाटायला हवे, पण मला छातीवरचे काहीतरी उतरल्यासारखे वाटते. दुसऱ्याच्या दुःखाने आपल्याला हलके वाटावे यात काही खोट तर नाही ना, हे मनात येत राहते. दुसरी अडचण व्याकरणाची आहे आणि ती सांगताना मला संकोच वाटतो. आवडलेल्या कवितांचा आणि गाण्यांचा भावानुवाद वहीत लिहून ठेवायची मला जुनी सवय आहे. ‘व्हाय डोन्ट यू लव्ह मी एनीमोर’ हे त्याचे गाणे घेतले. शीर्षक ‘आता माझ्यावर प्रेम का करत नाहीस’ असे सहज उतरले. पुढे मात्र हात आपोआप ‘तू निघून गेलीस’ असे लिहून गेला. दोन दिवसांनी वही उघडली तेव्हा चूक ध्यानात आली. ग्रँट समलिंगी आहे, हे तो आपल्या गाण्यांत लपवत नाही, आणि त्याचा हा ‘तू’ पुरुष आहे. मग मी ‘गेलीस’ खोडून ‘तू मला सोडलेस’ असे केले, कारण तिथे कर्त्याचे लिंग क्रियापदात उमटत नाही. वाक्य बिनचूक झाले, पण ओळ मेली. ‘तू निघून गेलास’ असे लिहायला हात धजावत नाही, हे खरे आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.


कृष्णाकाठ:

मंद्रसप्तक, तुमच्या भाचीचे मनापासून कौतुक वाटले. मी या गायकाला २०१० पासून ऐकत आहे, त्यामुळे आधी थोडी हकीकत सांगतो, म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येता येईल.

ग्रँटचा जन्म १९६८ सालचा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या बुकॅनन या लहानशा गावातला. शाळकरी वयातच कुटुंब कोलोरॅडोतल्या पार्कर इथे राहायला गेले. घर कर्मठ ख्रिस्ती वळणाचे होते, आणि आपण जसे आहोत ते पाप आहे हे त्याला आपण कसे आहोत ते नीट उमजण्याच्या आधीच शिकवले गेले. १९९४ च्या सुमारास डेन्व्हरमध्ये त्याने ‘द झार्स’ हा बँड काढला. ‘कॉक्टो ट्विन्स’ या बँडमधल्या सायमन रेमंड यांच्या ‘बेला युनियन’ या कंपनीने त्यांचे अल्बम काढले, समीक्षकांनी वाखाणले, पण खप झाला नाही आणि बँड विखुरला. दारू आणि कोकेन यांत त्याची बरीच वर्षे गेली होती, ती त्याने २००४ च्या आसपास सोडली. मग न्यूयॉर्कमध्ये वाढप्याचे काम केले आणि रशियन येत असल्यामुळे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधला दुभाष्या म्हणूनही राबला. गाणे जवळजवळ संपलेच होते. टेक्सासमधल्या डेंटन गावच्या ‘मिडलेक’ या बँडने त्याला आपल्याकडे बोलावून घेतले, स्वतः साथीला उभे राहिले, आणि त्यातून ‘क्वीन ऑफ डेन्मार्क’ झाला. तुम्हाला आवडलेली ती बासरी, १९७० च्या दशकातल्या रेडिओची आठवण करून देणारा तो उबदार नाद, हे त्या साथीचे देणे आहे. ‘मोजो’ या ब्रिटिश संगीत मासिकाने तो त्या वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवला. चाळिशी उलटलेल्या आणि गाणे सोडून द्यायच्या बेताला आलेल्या माणसाचा हा पहिला एकल अल्बम होता, हे लक्षात ठेवून तो पुन्हा ऐकून पाहा.

त्यातले ‘मार्झ’ तर अवश्य ऐका. लहानपणीच्या एका मिठाईच्या दुकानात मिळणाऱ्या आइस्क्रीमची आणि सरबतांची नावे तो त्यात एकामागून एक घेत राहतो. तक्रार नाही, कोणावर दोष नाही, नुसती नावे. म्हाताऱ्या माणसाने जुन्या घराच्या भिंतीवरून हात फिरवावा तसा त्याचा आवाज त्या नावांवरून फिरतो, आणि ते दुकान व त्या दुकानात उभा असलेला, अजून कोणी न दुखावलेला मुलगा परत येणार नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर या गाण्यात आहे. ‘मला फार दुःख आहे’ असे कोणी सांगितले तर ते आपल्या अंगावर सांडते आणि आपण सावरून बसतो. त्याने त्या दुःखाचा अचूक पत्ता दिला, कोणते दुकान, कोणते सरबत हे सांगितले, तर आपल्याला आपला पत्ता आठवतो. माझ्याकडे असे एक दुकान होते आणि त्यातल्या बरण्या मला आज तीस वर्षांनीही मांडणीसकट दिसतात. हलके वाटते ते त्यामुळे, असे मला वाटते. तुम्ही त्याच्या दुःखावर जगत नाही, स्वतःच्या दुःखापाशी जाता.

आता ‘पेल ग्रीन घोस्ट्स’विषयी. तो आइसलँडमध्ये रेक्याविक इथे जाऊन राहिला आणि तिथल्या ‘गसगस’ या बँडमधल्या बिर्गिर थोरारिन्सन यांच्यासोबत त्याने हा अल्बम केला. तरुणपणी डेन्व्हरच्या नाचघरांकडे गाडी हाकताना कोलोरॅडोतल्या महामार्गाच्या कडेला रशियन ऑलिव्हची झाडे दिसत, त्यांची फिकट रुपेरी हिरवी पाने दिव्यांच्या झोतात भुतांसारखी उजळत. शीर्षक तिथून आले आहे. त्या नाचघरांत वाजणारे यंत्रसंगीत हा त्याच्या तारुण्याचा ध्वनी होता. म्हणून यंत्रांना परके समजू नका, ती त्याच्या आठवणींतलीच आहेत. २०१२ साली लंडनच्या मेल्टडाउन महोत्सवात रंगमंचावरून त्याने आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे सांगितले, आणि या अल्बममधले ‘अर्नेस्ट बोर्गनाइन’ हे गाणे त्याच विषयावर आहे. ‘व्हिएतनाम’ या गाण्यात सोडून गेलेल्या प्रियकराच्या मौनाला तो हत्यार म्हणतो आणि ते मौन व्हिएतनाम युद्धात जंगलांवर फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी रसायनाच्या जातीचे आहे असे सांगतो. पान गळून पडते, झाड उभेच राहते आणि जमीन पुढे कित्येक वर्षे नासलेली राहते. अबोला धरणाऱ्या माणसासोबत ज्याने काही काळ काढला आहे, त्याला ही उपमा ताणलेली वाटणार नाही.

शिनेड ओकॉनरने ‘क्वीन ऑफ डेन्मार्क’ हे शीर्षकगीत २०१२ च्या आपल्या अल्बमसाठी गायले आणि पुढच्या वर्षी ती ग्रँटच्या अल्बमवर त्याच्यामागे गायला उभी राहिली. तिच्यासारख्या गायिकेला त्याच्या शब्दांत आपले काहीतरी सापडले, याचे मला कधीच आश्चर्य वाटले नाही.


गंधार_को:

दोघांचेही लेखन आवडले, पण माझे मत वेगळे आहे आणि ते आदराने मांडतो. मी हा गायक ऐकला आहे. आवाज उत्तम, चाली उत्तम. मला अडचण आहे ती त्याच्या सांगण्याच्या पद्धतीची. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला बंदिशीतला ‘पिया’ पुरेसा असतो. त्याला नाव नसते, गाव नसते, आणि म्हणूनच गाणारा, ऐकणारा आणि शंभर वर्षांपूर्वी ती बंदिश बांधणारा असे तिघेही त्यात मावतात. ग्रँट मात्र सगळेच सांगतो. कोणता सिनेमा पाहिला, कोणत्या नटीसारखे वाटले, प्रियकर काय बोलला, काय बोलला नाही. इतका तपशील दिल्यावर ऐकणाऱ्याला उभे राहायला जागा उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

शिवाय दोन अल्बमभर तो ज्या एका माणसावर राग काढतो, त्या माणसाला उत्तर द्यायला माइक मिळणार नाही. विरहाचे गाणे तक्रारीकडे झुकले की त्यातला करुण रस आटतो. दुःख मोठे असावे, पण ते स्वतःभोवती फिरत राहू नये, असे मला वाटते.


कृष्णाकाठ:

गंधार, तुमचा दुसरा आक्षेप मला खरोखर विचारात पाडणारा वाटला, कारण त्यातला एक भाग बरोबर आहे. २०१३ च्या अल्बमवरची दोन गाणी मलाही एकतर्फी वाटतात आणि ती मी सहसा लावत नाही.

पण हा माणूस स्वतःला सूट देत नाही, हेही ऐका. ‘क्वीन ऑफ डेन्मार्क’ या शीर्षकगीतात समोरच्याला बोल लावण्याआधी तो स्वतःला किती झोडपतो ते पाहा. २०१५ च्या ‘ग्रे टिकल्स, ब्लॅक प्रेशर’ या अल्बमच्या शीर्षकगीतात तर तो तुमचाच आक्षेप स्वतःवर घेतो. कर्करोग झालेली लहान मुले या जगात आहेत, त्यांच्यापुढे माझ्या दुःखाची काय मातब्बरी, अशा अर्थाचे तो त्यात म्हणतो. आणि तरीही त्याचे दुखणे थांबत नाही. आपल्यापेक्षा दुःखी माणसे जगात आहेत हे कळल्याने स्वतःचे दुःख कमी होत नाही, उलट त्यात लाजेची भर पडते, हा अनुभव मी दुसऱ्या कोणाच्या गाण्यात इतक्या साध्या शब्दांत ऐकलेला नाही. त्याच अल्बमची सुरुवात बायबलमधल्या, प्रेम सहनशील असते असे सांगणाऱ्या प्रसिद्ध उताऱ्याच्या वाचनाने होते आणि शेवटही त्यानेच होतो. ज्या ग्रंथाच्या आधाराने त्याला लहानपणी पापी ठरवले गेले, त्याच ग्रंथातला प्रेमाचा उतारा त्याने उचलून दोन्ही टोकांना ठेवला आहे. त्याला तक्रार म्हणता येईल असे मला वाटत नाही.

जागेविषयी एवढेच म्हणेन की, ‘पिया’मध्ये सगळे मावतात हे खरे, पण त्या ‘पिया’पर्यंत पोचायला बंदिशीने कित्येक पिढ्या घेतल्या. ज्या प्रेमाला गाण्यात जागाच नव्हती, त्याने आधी आपला तपशील नोंदवला तर ते मला समजते.


शब्दाली:

मी जर्मन शिकवते आणि अनुवाद करते, त्यामुळे मंद्रसप्तक यांच्या दुसऱ्या प्रश्नाने मला थांबवले. संकोच वाटण्यासारखे त्यात काही नाही. प्रश्न अगदी मुळाचा आहे.

इंग्रजीतल्या ‘यू’ला लिंग नाही. त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्या कित्येक समलिंगी गीतकारांना त्या एका सर्वनामाच्या आडोशाने आयुष्यभर गाता आले, आणि ऐकणाऱ्यांनी आपापल्या सवयीप्रमाणे त्या जागी बाई किंवा पुरुष पाहिला. ग्रँटने हा आडोसा घेतलेला नाही. ‘कॅरमेल’ या त्याच्या फार हळव्या प्रेमगीतात प्रियकर थेट पुल्लिंगी सर्वनामाने येतो. मराठीत तर तो आडोसा जवळजवळ नाहीच. ‘करत नाहीस’, ‘आठवते का तुला’, ‘मला सोडलेस’ अशा काही फटी आहेत आणि तुम्ही नेमकी तीच फट शोधलीत. पण ‘येणे’, ‘जाणे’, ‘बोलणे’, ‘हसणे’, ‘विसरणे’ या क्रियापदांचा भूतकाळ आला की फट बुजते, आणि प्रेमाच्या गाण्यात हीच क्रियापदे नसतील तर उरते काय? ‘सोडलेस’ने ओळ मेली याचे कारणही मला तेच वाटते. ‘सोडलेस’मध्ये लक्ष ज्याला सोडले त्याच्याकडे जाते. ‘निघून गेलास’मध्ये जाणाऱ्याची पाठ दिसते.

एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. ग्रँट स्वतः भाषांचा माणूस आहे. तो जर्मनीत भाषा शिकला, त्याला रशियन उत्तम येते, आइसलँडमध्ये राहू लागल्यावर तो आइसलँडिकही शिकला. रशियन भाषेत भूतकाळी क्रियापद मराठीसारखेच कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. ‘तू गेलास’ आणि ‘तू गेलीस’ हा भेद तिथेही टाळता येत नाही. म्हणजे तुमच्या वहीतली अडचण त्याला समजावून सांगावी लागली नसती. आउस्गेर या तरुण आइसलँडिक गायकाच्या अल्बमचा इंग्रजी अवतार ‘इन द सायलेन्स’ या नावाने आला, त्याचे इंग्रजी शब्द ग्रँटचे आहेत. मूळ गीते बहुतांशी त्या गायकाच्या वृद्ध कवी वडिलांची. दुसऱ्याच्या वडिलांचे शब्द आपल्या भाषेत आणून ते मुलाच्या तोंडी द्यायचे, हे काम ज्याने केले आहे तो माणूस भाषांतराकडे हलक्याने पाहत नसणार.

वर ज्या ‘ग्रे टिकल्स, ब्लॅक प्रेशर’चा उल्लेख आला आहे, त्याचे शीर्षकही असेच भाषांतरातून आले आहे. आइसलँडिकमध्ये मध्यमवयातल्या घालमेलीला शब्दशः ‘करडी गुदगुली’ म्हणतात आणि तुर्की भाषेतल्या दुःस्वप्नाच्या शब्दात ‘काळे’ आणि ‘दाबणे’ असे दोन अवयव आहेत. त्याने ते दोन्ही इंग्रजीत जसेच्या तसे मांडून शेजारी ठेवले. मराठीत आपण त्याला ‘करड्या गुदगुल्या, काळे दडपण’ म्हणू शकतो. ‘दडपण’ हा आपला शब्द इथे इतका चपखल बसतो की मूळ शीर्षकच मराठीत सुचले असावे असे क्षणभर वाटते.

आपल्या कानांना पुरुषाच्या गळ्यातून पुरुषाला घातलेली साद नवी नाही, हेही जाता जाता नोंदवते. संतांच्या विराण्यांत पुरुष कवी स्वतः विरहिणी होऊन बोलतो. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) गळ्यातून पिढ्यानपिढ्या आपण नायिकेची आर्त पदे ऐकली आणि डोळे पुसले. पण तिथे गाणाऱ्याने पदर घेतलेला असतो, क्रियापदही स्त्रीचे असते. पुरुषाने ‘मी थांबलो’ म्हणावे आणि त्याच श्वासात ‘तू गेलास’ म्हणावे, ही जोडी मात्र आपल्या गाण्यांत मला आठवत नाही. मैत्रीच्या गाण्यात ती चालते. प्रेमाच्या गाण्यात हात थांबतो, आणि तो तुमचा एकट्याचा हात नाही.


उत्तररात्र:

मी इथे बहुधा वाचून निघून जातो. आज लिहिणार आहे, कारण शब्दालीताईंच्या उत्तरातली शेवटची ओळ वाचून राहवले नाही.

२०१३ साली मी मुंबईत नोकरीला होतो. ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवला आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा जसेच्या तसे लागू झाले. चार वर्षे आम्ही गुन्हेगार नव्हतो, त्या दिवशी सकाळी पुन्हा झालो. त्याच आठवड्यात माझ्या खोलीवर एक लग्नपत्रिका आली. कोपऱ्याला हळदकुंकवाचे बोट लागलेले होते. ज्याचे लग्न होते, तो सहा वर्षे माझ्यासोबत होता. पत्ता त्याच्याच अक्षरात होता. त्याचे ‘श्री.’मधले टिंब नेहमी थोडे वर पडायचे, तसेच पडले होते.

त्या रात्री कुर्ल्याहून उशिराची धीमी लोकल पकडली आणि कानात ‘ग्लेशियर’ लावले. कृष्णाकाठ यांनी या गाण्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून थोडे सांगतो. सात मिनिटांहून मोठे गाणे आहे. ज्याला आयुष्यभर सांगितले गेले की तुझ्यात काहीतरी चुकलेले आहे, अशा कोणाशी तो त्यात बोलतो. वेदनेला तो हिमनदी म्हणतो. ती तुमच्या आतून सरकते, खोल दऱ्या कोरत जाते, आणि ती पुढे गेल्यावर मागे जो प्रदेश उरतो तो विलक्षण सुंदर असतो. ‘सगळे ठीक होईल’ असे तो म्हणत नाही. हिमनदी किती सावकाश सरकते आणि खडक कसा कापते, हे आपल्याला शाळेच्या भूगोलात शिकवलेले असते, त्यामुळे हा दिलासा स्वस्त नाही हे मला डब्यात उभ्याउभ्या कळत होते. शब्द संपतात आणि मग शेवटी एकट्या पियानोचा मोठा तुकडा येतो, जुन्या रशियन पियानोसंगीताची आठवण व्हावी असा, लाटेवर लाट. तो सुरू झाला तेव्हा ठाणे आले होते. मला तिथेच उतरायचे होते. मी उतरलो नाही. तो तुकडा संपेपर्यंत दाराच्या दांड्याला धरून उभा राहिलो आणि कळव्याला उतरून परत फिरलो.

गंधार, तुम्ही म्हणता की तपशिलामुळे ऐकणाऱ्याला उभे राहायला जागा उरत नाही. मला त्या गाण्यात प्रथमच उभे राहायला जागा मिळाली. ‘पिया’च्या गाण्यांत मी नेहमी दुसऱ्याच्या घरात पाहुणा असल्यासारखा असायचो. कोणी हाकलत नसे, पण खुंटीला माझा सदरा नसायचा.

आता तुमच्यासाठी, मंद्रसप्तक. त्या माणसाविषयी मी घरी, कचेरीत, मित्रांशी कधी बोललोच तर ‘ती व्यक्ती’ असे म्हणत आलो. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे पुढचे सगळे आपसूक जुळते. ‘ती व्यक्ती माझ्या फार जवळची होती.’ ‘ती व्यक्ती निघून गेली.’ ऐकणारा समजायचे ते समजतो आणि आपण खोटेही बोललेले नसतो. पण अशी वाक्ये दहा-बारा वर्षे वापरली की ज्याच्यावर प्रेम केले त्याचा चेहरा पुसट होत जातो. तो हसायचा, ती व्यक्ती हसायची नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला न्यायालयाने ते कलम आमच्यापुरते काढून टाकले, त्या दिवशी मी कार्यालयात पेढे वाटले आणि कशाचे विचारल्यावर ‘सहज’ म्हणालो. कायदा बदलला तरी माझे व्याकरण तेच राहिले.

तुमच्या वहीत तुम्ही ‘तू निघून गेलास’ असे लिहावे, अशी माझी विनंती आहे. तुम्ही समलिंगी आहात की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. भावानुवाद करणारा दुसऱ्याच्या जागी उभा राहतो, आणि मामा-मावशांच्या वयाच्या कोणा मराठी माणसाने कधी आमच्या जागी उभे राहून एक ओळ लिहिली, एवढे जरी मला कळले तरी बरे वाटेल.


गंधार_को:

उत्तररात्र, तुमचे लिहिणे दोनदा वाचले. करुण रसाविषयीचे माझे मत मी लगेच सोडत नाही, पण ‘पिया’मध्ये सगळे मावतात हे वाक्य मी न तपासता लिहिले होते, ते मागे घेतो. ‘ग्लेशियर’ आज रात्री ऐकेन. एक विचारायचे होते. ते ध्वनिमुद्रण कोणते घ्यावे?


कृष्णाकाठ:

गंधार, तुमच्यासारख्या श्रोत्याने २०१४ सालचे बीबीसी फिलहार्मोनिक वाद्यवृंदासोबतच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण घ्यावे. यंत्रसंगीताच्या जागी बऱ्याच ठिकाणी तंतुवाद्ये आहेत, त्यामुळे मंद्रसप्तक यांनाही ते जवळचे वाटेल आणि तिथून मूळ अल्बमकडे परत येणे सोपे जाईल. नंतरचे अल्बमही टाळू नका. केट ल बॉन यांनी निर्मिती केलेल्या २०२१ च्या ‘बॉय फ्रॉम मिशिगन’मध्ये तो पुन्हा बुकॅननच्या बालपणाकडे जातो. २०२४ च्या ‘द आर्ट ऑफ द लाय’मधले ‘फादर’ मी अजून एका बैठकीत पूर्ण ऐकू शकलेलो नाही, कारण माझ्या वडिलांशी माझे बरेच बोलणे राहून गेले.

उत्तररात्र, ‘ग्लेशियर’विषयी मी मुद्दाम लिहिले नव्हते. ते कोणीतरी असेच लिहायला हवे होते.


मंद्रसप्तक:

सर्वांचा मी ऋणी आहे. चार दिवस उत्तर दिले नाही, कारण वही घेऊन बसलो होतो.

‘सोडलेस’ खोडले आणि ‘तू निघून गेलास’ असे लिहिले. लिहिल्यावर लक्षात आले की नुसता एक शब्द बदलून भागत नाही. मागे मी ‘तुझे मोकळे केस’ असे काहीतरी स्वतःच्या पदरचे घातले होते, मूळ गाण्यात त्याचा पत्ताही नव्हता. ‘गेलीस’सोबत ते मी न मागता आले होते. ते काढले. आणखी दोन ठिकाणी आवाज उगीच नाजूक केला होता, तोही काढला. आता ओळी आखूड झाल्या आहेत आणि मोठ्याने वाचताना आवाज आपोआप खर्जात उतरतो, ग्रँटचा जसा उतरतो तसा. शब्दालीताई, जाणाऱ्याची पाठ दिसते असे तुम्ही लिहिलेत, ते मला वाचताना प्रत्येक वेळी आठवते.

शनिवारी भाचीला फोनवर वाचून दाखवले. ‘गेलास’ आले तेव्हा ती काही बोलली नाही. वाचून झाल्यावर ‘मामा, परत वाच’ म्हणाली.

उत्तररात्र, तुमची परवानगी असेल तर वहीतल्या त्या पानावर तुमचे इथले नाव लिहीन. ‘मार्झ’ला अजून हात लावलेला नाही. आधी तिथे लिमलेटच्या गोळ्या, बत्तासे आणि गोडीशेव घालावी असे वाटले होते, पण ते दुकान त्याचे आहे, त्यातली नावे तशीच ठेवावीत असे आता वाटते. वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण मिळाले आहे. आज घरात पाहुणे आहेत, तेव्हा उद्या रात्री ऐकेन.